रमतगमत चालणाऱ्यांची कुळकथा

डॉक्टर सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली लंडनमध्ये निघाला. त्यात ‘सॉन्टर’ या क्रियापदाची नोंद आहे. सॉन्टर म्हणजे रमतगमत, इकडेतिकडे बघत, कुठं पोचायचं नसल्यासारखं चालणं. जॉन्सनने अर्थ तर दिलाच, शिवाय शब्दाची कुळकथाही सांगून टाकली. काही रिकामटेकडे लोक म्हणे देशभर भटकायचे आणि भिक्षा मागताना ‘आम्ही पवित्र भूमीच्या यात्रेला निघालोय’ अशी थाप मारायचे. पवित्र भूमी म्हणजे फ्रेंचमध्ये ‘सँत तेर’, त्यावरून सॉन्टर. हे पटत नसेल तर फ्रेंचमधलंच ‘साँ तेर’ घ्या, म्हणजे ज्याला जमीनजुमला नाही, घरदार नाही असा. दोन्हीकडून निघणारा माणूस एकच, लोकांच्या जिवावर जगणारा उपटसुंभ.

शंभरेक वर्षांनी अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरोने हीच गोष्ट उचलली. त्याचा ‘वॉकिंग’ हा निबंध जून १८६२ मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर महिन्याभराने, ‘अटलांटिक मंथली’त छापून आला. थोरोने जॉन्सनची कथा तशीच ठेवली, फक्त पात्राचा स्वभाव बदलला. त्याच्या मते यात्रेचं नुसतं निमित्त सांगणारे ते भटके आणि खरोखर निघणारे ते सॉन्टर करणारे. ज्याला घर नाही त्याला सगळीकडेच घर, असा ‘साँ तेर’चाही अर्थ त्याने गोड करून घेतला. रोज किमान चार तास रानावनात हिंडल्याशिवाय आपली तब्येत ठीक राहत नाही, असं तो लिहितो. घरचा पेन्सिलींचा कारखाना होता, हे तो तिथं लिहीत नाही.

गंमत अशी की व्युत्पत्ती दोघांचीही चुकलेली. सॉन्टरचं मूळ आजही अंधारातच आहे. पंधराव्या शतकात या शब्दाचा अर्थ स्वतःच्या विचारात गढून जाणं असा होता, इतपत धागा लागतो. पण चुकीच्या कथेतूनसुद्धा एक गोष्ट बरोबर दिसते. तीच चाल, तोच रस्ता, तीच रिकामी झोळी. शब्दकोशकाराला त्यात भिकारी दिसला आणि निबंधकाराला संत.

हळू चालण्याच्या शब्दांची इंग्रजीला ददात नाही. स्ट्रोल, अँबल, रॅम्बल, डॉडल, लॉइटर, मोझी, शिवाय ‘स्नेल्स पेस’ म्हणजे गोगलगायीची चाल. शब्दसंग्रह वाढवणाऱ्या पुस्तकांत हे सगळे समानार्थी म्हणून एका ओळीत बसवलेले असतात आणि मुलं ते परीक्षेपुरते पाठ करतात. प्रत्येकाच्या घराण्याची चौकशी करायला गेलं की मात्र ही ओळ मोडते. यातले काही तबेल्यातून आलेत, काही गाडीतळावरून आणि बरेचसे चावडीवरून, जिथं ‘कुठला तू, इथं काय करतोस’ असं विचारलं जायचं तिथून.

‘स्ट्रोल’चंच बघा. आज हा शब्द संध्याकाळी जेवणानंतर बायकोबरोबर बागेत मारलेल्या फेरीला लावतात. इंग्रजीत तो आला १६०० च्या सुमारास, बहुधा जर्मन बोलीतून. तिकडे त्याच्या नात्यातला ‘श्ट्रोल्ख’ म्हणजे उनाड, भामटा. त्याच्याही मागे काही जण ‘ॲस्ट्रोलोगस’ हा लॅटिन शब्द शोधतात, म्हणजे गावोगाव भविष्य सांगत फिरणारा ज्योतिषी. हा शेवटचा दुवा पक्का नाही, पण वाचताच आपल्याकडचे कुडमुडे जोशी आठवावेत इतका तो जवळचा वाटतो. काही असो, पहिले ‘स्ट्रोलर’ बागेतले नव्हतेच. ते रस्त्यावरचे होते, आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये कामधंद्याशिवाय रस्त्यावर असणं हा गुन्हा होता.

राणी एलिझाबेथच्या राज्यात १५७२ साली भटक्यांना शासन करण्याचा कायदा झाला. त्यातली यादी वाचण्यासारखी आहे. अस्वलवाले, डोंबारी, फिरते गवई, फेरीवाले, कल्हईवाले, हात बघून भविष्य सांगणारे, आणि ज्यांच्या पाठीशी कुणी सरदार नाही असे नट. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थीसुद्धा त्यात आहेत. विद्यापीठाच्या कुलगुरूचा परवाना नसताना ते भिक्षा मागताना सापडले तर तेही भटकेच. शिक्षा म्हणजे चाबकाचे फटके आणि वर उजव्या कानाची कुर्ची तापल्या लोखंडाने भोसकायची. त्या सळईची जाडीही कायद्यात दिलेली आहे, घेर एक इंच. कुणा प्रतिष्ठित माणसाने वर्षभर चाकरीला ठेवून घ्यायची हमी दिली तर कान वाचायचा. पुन्हापुन्हा सापडला तर फाशी.

शेक्सपिअरच्या नाटकमंडळीचं नाव ‘लॉर्ड चेंबरलेन्स मेन’ असं होतं आणि १६०३ पासून ते ‘किंग्ज मेन’ झालं. आपल्याला हे बिरुद वाटतं. त्यात मानाचा भाग होताच, पण त्याहून मोठा भाग कानाचा होता. नटाला कुणा बड्याचा नोकर म्हणवून घेणं भाग होतं. ज्यांना असा धनी मिळाला नाही ते ‘स्ट्रोलिंग प्लेअर्स’, गावोगाव खेळ करत हिंडणारे. आणि आज गावात खेळ करू देतात की हाकलतात याची त्यांना धास्ती.

दीडशे वर्षांनी त्याच देशात लोक पैसे मोजून हळू चालू लागले. लंडनला १७४२ मध्ये रॅनेला नावाची बाग उघडली. आत एक भलंमोठं गोल सभागृह होतं. प्रवेश फी अडीच शिलिंग. आत जाऊन करायचं काय, तर गोल फिरायचं. नटूनथटून, गाणं ऐकत, कोण कुणाबरोबर आलंय ते बघत सभागृहाला प्रदक्षिणा घालायच्या. थेम्सच्या पलीकडे व्हॉक्सहॉलच्या बागेत हाच आनंद एका शिलिंगात मिळायचा, त्यामुळे रॅनेलाची मंडळी व्हॉक्सहॉलच्या मंडळींना जरा हलकं समजायची. स्ट्रोल आता सभ्य झाला होता. चालणाऱ्याच्या खिशात परत घरी जायला घोडागाडीचं भाडं आहे, याची सगळ्यांना खात्री होती.

इंग्रजीत निवांतपणाला ‘लेझर’ म्हणतात. तो शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या ‘लिसेरे’वरून आला. लिसेरे म्हणजे मुभा असणं. ‘लायसन्स’ही त्याच मुळाचं. आपला ‘सावकाश’ याच्याशेजारी ठेवून बघावा: स-अवकाश, म्हणजे जागा असलेला, मोकळीक असलेला. मराठीने मोकळीक आहे एवढंच पाहिलं. इंग्रजीने ती कुणी दिली हेही विचारून ठेवलं. केंब्रिजच्या भिक्षेकरी विद्यार्थ्याकडे नसलेला कागद आणि रॅनेलाचं अडीच शिलिंगांचं तिकीट, दोन्ही परवानेच.

तबेल्यातून आलेल्या शब्दांची गोष्ट जरा निराळी. ‘अँबल’ हा मूळचा माणसाचा शब्दच नाही. लॅटिनमध्ये ‘अंबुलारे’ म्हणजे चालणं, पण फ्रेंचमधून चौदाव्या शतकात तो इंग्रजीत उतरला तो घोड्याच्या एका विशिष्ट चालीचं नाव म्हणून. घोडा दुडक्या चालीने पळतो तेव्हा पुढचा उजवा आणि मागचा डावा असे तिरके पाय जोडीने उचलतो आणि पाठीवरचा स्वार दर पावलाला उडतो. अँबलमध्ये एका अंगाचे दोन्ही पाय पुढेमागे लगोलग पडतात, मग दुसऱ्या अंगाचे. पाठ वरखाली होत नाही, फक्त किंचित डुलते. आपल्याकडे मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांत ही चाल अजून आढळते. घोडेवाले तिला रेवाल म्हणतात. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात या जातींची घोडी येतात. तिथं चाल दाखवायला निघालेला स्वार उसळतोय की डुलतोय, एवढ्यावर नजर ठेवली तरी फरक कळतो.

मध्ययुगात चाकाच्या गाड्या चालतील असे रस्ते इंग्लंडमध्ये फारसे नव्हते. दिवसदिवस खोगिरावर बसायचं तर अशी डुलती चाल हवी, आणि असा घोडा महाग. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये यात्रेला निघालेली बाथ गावची ती पाच नवरे केलेली बाई अशाच घोड्यावर ऐसपैस बसलेली आहे. कापडाच्या धंद्यात ती पैसा राखून होती, हे चॉसरने घोड्यावरूनच सुचवलं. पुढे रस्ते सुधारले, गाड्या आल्या, गाडीला दुडकीने ओढणारा घोडा हवासा झाला आणि इंग्लंडात अँबलर मागे पडला. चाल गेली, शब्द राहिला. तो माणसाच्या पायांना चिकटला, आणि त्यातला डुलणारा सुखवस्तूपणाही बरोबर आला. अनवाणी भिकाऱ्याला कुणी अँबल करायला लावत नाही.

त्या यात्रेने आणखी एक शब्द दिला. कँटरबरीच्या चर्चमध्ये आर्चबिशप थॉमस बेकेटचा २९ डिसेंबर ११७० रोजी खून झाला. तीन वर्षांत त्याला संतपद मिळालं आणि पुढची साडेतीनशेहून जास्त वर्षं, १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने समाधी उखडून टाकेपर्यंत, तिथं यात्रेकरूंची रीघ होती. ते घोडी ज्या बेताच्या पळीने नेत ती ‘कँटरबरी गॅलप’, आणि तिचंच पुढे ‘कँटर’ झालं. क्रिकेटच्या बातमीत एखादा संघ ‘अॅट अ कँटर’ जिंकला असं वाचतो तेव्हा घाम न गाळता जिंकला एवढंच आपल्याला कळतं. शर्यतीत बाकीचे घोडे मागे राहिल्यावर पहिला घोडा शेवटी नुसता या चालीने येतो, तिथून हा प्रयोग आला. ११७० च्या खुनाचा ठिपका त्यात कुणाला दिसत नाही.

इथवर हळू चालणं हा अपराध तरी होता किंवा चैन तरी. ते हास्यास्पद झालं ते गाड्यांमुळे. ‘कोच’ हा शब्दच हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आला. तिथं पंधराव्या शतकात चांगल्या गाड्या बनत. इंग्लंडमध्ये २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनला जॉन पामरची पहिली टपालगाडी धावली. सोळा तासांत पोचली. पुढच्या पन्नास वर्षांत पक्के रस्ते झाले, ठरावीक टप्प्यावर ताजे घोडे तयार राहू लागले, गाड्यांना ‘कॉमेट’, ‘क्विकसिल्व्हर’ म्हणजे धूमकेतू, पारा अशी नावं पडली. सगळ्याच गाड्या रखडायच्या तेव्हा कुठल्याच गाडीला रखडगाडी म्हणायची गरज नव्हती. धूमकेतू धावायला लागल्यावर मागच्या गाडीला नाव मिळालं, ‘स्लो कोच’.

तो शब्द गाडीवरून उतरून माणसावर कसा बसला, ते एका खटल्यात जसंच्या तसं पाहायला मिळतं. खटला काल्पनिक आहे, चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला; कादंबरी १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्याने निघाली. मिस्टर पिकविक हे गोलमटोल, निरागस, अविवाहित गृहस्थ. त्यांची घरमालकीण मिसेस बार्डेल ही विधवा. एका घोटाळ्यातून तिचा समज होतो की यांनी आपल्याला लग्नाची मागणी घातली. ते काही बोहल्यावर चढत नाहीत, तेव्हा वचनभंगाचा दावा लागतो. वादीचे वकील सार्जंट बझफझ पुरावा म्हणून दोन चिठ्ठ्या काढतात. दुसऱ्या चिठ्ठीत पिकविकनी घरमालकिणीला कळवलंय की आज घरी पोचत नाही, उद्या येतो. गाडी हळू आहे. आणि बिछाना गरम करायच्या शेगडीची तसदी घेऊ नये.

कुठल्याही भाडेकरूने लिहावी अशी ही चिठ्ठी. पण बझफझ तिच्यावर तुटून पडतात. शेगडी म्हणजे दडवलेल्या प्रेमाग्नीची खूण असणार. आणि ही हळू गाडी कोण? ती म्हणजे खुद्द पिकविकच. या सगळ्या प्रकरणात लग्नाच्या बाबतीत ज्यांनी गुन्हेगारासारखी चालढकल केली ते पिकविक, आणि आता ज्यूरीच त्यांच्या चाकांना वंगण घालून वेग देईल! ज्यूरी साडेसातशे पौंड नुकसानभरपाई लावते. पिकविक ती भरायला नकार देतात आणि तुरुंगात जातात. माणसाला उद्देशून ‘स्लो कोच’ म्हटल्याचं अगदी आरंभीचं उदाहरण म्हणून शब्दकोशकार याच प्रसंगाकडे बोट दाखवतात. मला त्यात दिसतं ते असं की विनोद साधायला वाचकाला दोन्ही अर्थ एकदम दिसायला हवेत, आणि १८३७ मध्ये ते दिसत होते. लिव्हरपूल-मँचेस्टर आगगाडी सुरू होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. थोड्याच वर्षांत पारा आणि धूमकेतूसुद्धा रखडगाड्याच ठरल्या. ब्रिटनमध्ये आई अजूनही बुटाची नाडी बांधत बसलेल्या पोराला ‘स्लोकोच’ म्हणते.

अमेरिकेने या खजिन्यात भर घातली ती तिथल्या ढंगाने. ‘मोझी’ हा शब्द १८२९ पासून छापील सापडतो आणि त्याचं कूळ लागत नाही. आरंभी त्याचा अर्थ चक्क उलटा होता, काढता पाय घेणं, पसार होणं. मग तो सुस्तावत गेला आणि आता सिनेमातला काउबॉय दारूच्या गुत्त्याकडे निवांत निघतो तेव्हा मोझी करतो. दुसरी भर म्हणजे ‘जानेवारीतल्या मोलॅसिससारखा हळू’ ही उपमा. मोलॅसिस म्हणजे आपल्या साखर कारखान्यातली मळी. कडाक्याच्या थंडीत ती पिंपातून ओतायला गेलं तर तार धरून लोंबत राहते, तेव्हा उपमा चपखलच. ती रूढ होऊन बराच काळ लोटला होता, आणि १५ जानेवारी १९१९ रोजी बॉस्टनमध्ये पन्नास फूट उंचीची मळीची टाकी फुटली. आत तेवीस लाख गॅलन मळी होती, अल्कोहोल गाळण्यासाठी साठवलेली. पंचवीस फूट उंचीची लाट रस्त्यात घुसली. वेगाचा अंदाज ताशी पस्तीस मैल. घरं पायथ्यातून सरकली, उंचावरच्या रेल्वेचे खांब वाकले, एकवीस माणसं मेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. मग थंडीने मळी घट्ट होत गेली आणि अडकलेल्यांना तिच्यातून उपसून काढणंही कठीण झालं. उपमा तरीही बदलली नाही. अमेरिकेत अजून ती जशीच्या तशी वापरतात.

आपल्याकडे इंग्रज आले ते घाईत होते. सैनिकांनी हिंदुस्थानी भाषेतून उचललेल्या शब्दांत ‘जल्दी’ आहे. तिचं बराकीत ‘जिल्डी’ झालं आणि किपलिंगच्या १८९० च्या ‘गंगा दीन’ या कवितेत ती भिस्त्याला उद्देशून येते. ‘हळू’ किंवा ‘आहिस्ता’ची तशी बढती झाली नाही. नोकराला हळू करायला कोण सांगतो?

त्या सैनिकांवरही एकदा सक्तीचा निवांतपणा ओढवायचा, आणि तो नाशिकजवळच्या देवळालीत. पलटणीतली मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी जाणाऱ्या जहाजासाठी देवळालीच्या छावणीत ठेवत. जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटायची. हंगाम संपता संपता मुदत संपली तर पुढचे कित्येक महिने देवळाली. कवायत नाही, काम नाही, ऊन आणि पाऊस आणि दारू. कुणाचं डोकं फिरायचं, कुणी मारामारी करून कोठडीत जायचं. त्यावरून ‘डूलॅली टॅप’ हा शब्द निघाला: देवळालीचा ताप. टॅप म्हणजे आपला तापच. आज इंग्लंडमध्ये वेडपट माणसाला नुसतं ‘डूलॅली’ म्हणतात आणि म्हणणाऱ्याला मुंबईहून जाताना नाशिक रोडच्या आधी लागणारं ते स्टेशन ठाऊक नसतं. घाई नसणं आणि घाई करण्याची सोय नसणं यांतलं अंतर या शिपायांइतकं कुणी मोजलं नसेल.

सगळेच शिपाई मात्र जहाजावर चढले नाहीत. बोटीवरून पळालेले खलाशी, रेल्वेतून काढलेले फिटर, ऑस्ट्रेलियाहून घोड्यांबरोबर आलेले मोतद्दार असे कितीतरी गोरे मुंबई-कलकत्त्याच्या रस्त्यांवर फाटक्या कपड्यांत हिंडू लागले. यांना नाव पडलं ‘लोफर’. हा शब्द अमेरिकेत १८३० च्या दशकात उगवला होता, रेंगाळत वेळ काढणाऱ्यासाठी. गोरा माणूस बाजारात नेटिवांपुढे हात पसरतोय, हे दृश्य राज्यकर्त्यांना परवडणारं नव्हतं. त्यासाठी १८७४ चा युरोपीय भटक्यांचा कायदा आला. भीक मागताना किंवा पोटापाण्याचं साधन नसताना भटकताना सापडलेल्या गोऱ्याला वर्कहाउसमध्ये ठेवायचं, काम मिळतं का पाहायचं, नाहीतर देशाबाहेर रवाना करायचं. गोरे लोफर गेले आणि शब्द इथंच राहिला. मराठी घरात तो इतका रुळला की पोराला ‘लोफर कुठला’ म्हणणाऱ्या आजीला तो इंग्रजी आहे याची शंकाही येत नाही. १९७३ मध्ये तर धर्मेंद्र-मुमताजच्या सिनेमाचं ते नाव होतं. दरम्यान अमेरिकेत १९३० च्या दशकात नाडी नसलेल्या, पाय सरकवून घालायच्या बुटांना तेच नाव मिळालं. आता पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये काचेआड लोफर ठेवलेले असतात, चांगल्या चामड्याचे, आणि ते परवडायला नोकरी पक्की लागते.

गोऱ्या भटक्याला निदान परतीचं तिकीट होतं. तीनच वर्षं आधी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता आणि १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. एलिझाबेथच्या कायद्यात निदान माणूस पकडावा लागायचा. इथं जन्मच पुरेसा होता. वस्तीतल्या माणसांची नोंद, पोलिसांपुढे हजेरी, गावाबाहेर जायला पास. सोलापूरला तारेच्या कुंपणात ‘सेटलमेंट’ उभी राहिली आणि तो भाग अजून त्याच नावाने ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा उठला म्हणून या जमाती विमुक्त. मघाचे कुडमुडे जोशी राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. ‘स्ट्रोल’च्या संशयित पूर्वजाचे इथले भाऊबंद सरकारदरबारी अजून ‘भटके’ आहेत, आणि इंग्रजीतला स्ट्रोल अमेरिकेत बाबागाडीचं नाव होऊन बसलाय: स्ट्रोलर.

‘लॉइटर’ला मात्र ही सभ्यता कधीच मिळाली नाही. डच भाषेतून पंधराव्या शतकात आला, अर्थ रेंगाळणं, आणि तो कायद्याच्या तावडीतून सुटलाच नाही. नेपोलियनच्या लढाया संपल्यावर बेकार सैनिक इंग्लंडच्या रस्त्यांवर भीक मागू लागले, तेव्हा १८२४ चा भटकेगिरीचा कायदा झाला. त्यातल्या एका कलमाने संशयित माणूस गुन्ह्याच्या उद्देशाने रेंगाळतोय असं पोलिसाला वाटणं पुरेसं ठरवलं. दीडशे वर्षांनी लंडनचे पोलीस तेच कलम रस्त्यात उभ्या असलेल्या काळ्या पोरांना लावत होते. लोक त्याला ‘सस’ म्हणत, ‘सस्पेक्ट’चा तुकडा. एप्रिल १९८१ मध्ये लंडनमधलं ब्रिक्स्टन दंगलीत पेटलं आणि त्याच वर्षी कलम रद्द झालं. आपल्याकडे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातही सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यावर रेंगाळणाऱ्या नामचीन चोरासाठी कलम आहे, त्याला स्वतःबद्दल समाधानकारक खुलासा देता आला नाही तर.

‘रॅम्बल’च्या नशिबी वेगळं आलं, कारण त्यासाठी माणसं तुरुंगात गेली. मँचेस्टरचे गिरणी आणि कारखान्यांतले कामगार रविवारी आसपासच्या डोंगरांवर रॅम्बल करायला जायचे, पण माथ्यावरची माळरानं उमरावांच्या शिकारीसाठी राखीव होती. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकाराने काहीशे जण किंडर स्काउटच्या डोंगरावर ठरवून घुसले. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना कैद झाली. रॉथमनला चार महिने. मोकळ्या माळावर फिरण्याचा हक्क इंग्लंडमध्ये कायद्याने मिळायला २००० साल उजाडलं. डॉक्टर जॉन्सनने १७५० मध्ये आपल्या नियतकालिकाचं नाव ‘रॅम्बलर’ ठेवलं होतं आणि पुढच्या लेखमालेचं ‘आयडलर’, म्हणजे आळशी. त्याला कुणी पकडलं नाही.

मुंबईच्या संदर्भात हा धागा हाती घेतला तो तीन बायकांनी. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉइटर?’ हे इंग्रजी पुस्तक २०११ मध्ये आलं. शहरातल्या बाईला रस्त्यावर यायला काम लागतं, असं त्यांनी दाखवलं. खांद्याला पिशवी, कानाला फोन, नाकासमोर सरळ चाल. आपण उगाच इथं नाही हे ती सतत अंगावर वागवत असते. पुरुष पानाच्या गादीशी तासभर टेकतो आणि त्याचं काय चाललंय हे त्याला कुणी विचारत नाही. मराठीतही त्याचा ‘फेरफटका’ आणि तिचं ‘उंडारणं’, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तेव्हा लेखिकांनी बाईसाठी सुरक्षिततेच्या आधी मागितलं ते रेंगाळणं, आणि शब्दही मुद्दाम तो निवडला ज्याच्या पाठीमागे पोलीस लागलेले आहेत. स्ट्रोल मागितला असता तर कुणाची हरकत नव्हती.

१९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा याच घराण्यातला. त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत हात पसरणं आहे, गाणं-नाचणं-खेळ करून पैसे मिळवणं आहे, आणि पोटापाण्याचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं किंवा नुसतं थांबणं हेही आहे. दिल्लीनेही हाच कायदा लागू करून घेतला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं घटनाबाह्य ठरवली. तो निकाल दिल्लीपुरता होता.